अर्धी रेघ

"काकी, या रेघा काढून टाकायला लागतील," हेड ऑफिसचे प्रथमेश सर फोनवर म्हणाले. "खोडलेली नावं पण आमच्या काउंटमध्ये येतात. गोळ्यांची पाकिटं जास्त जातात आणि तशीच परत येतात."

रेघ म्हणजे काय ते आधी सांगते. आमची संस्था शहापूरकडच्या पाड्यांवर बीपीच्या, फिटच्या गोळ्या पोचवते. पंधरवड्याला जीप जाते. कोणाकडे जायचं ती यादी माझ्याकडे, एक्सेलमध्ये. मी संस्थेत आले ती चहापाण्याला. कंप्युटर कोणी शिकवला नाय, बटणं दाबत दाबतच आला. त्यात कंट्रोल धरून पाच दाबलं की नावावर आडवी रेघ पडते. नाव खोडलेलं दिसतं, पण वाचता येतं.

मला ते फार बरं पडायचं. आमच्याकडची माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाला परत येतात. येणाऱ्या माणसाचं नाव पुसायचं कसं? म्हणून गेला की रेघ मारायची, आला की काढायची. एका घराची नावं एका चौकोनात. चौकोनात शिरून एकच नाव निवडलं, तर रेघ तेवढ्यावरच पडते. घरातली तरणी माणसं गेली आणि म्हातारं मागे राहिलं, तर अर्ध्या चौकोनावर रेघ.

ठमीआयचं घर तसलं. डोळखांबच्या वरच्या अंगाला, चढावर. मुलगा काळू फिटच्या गोळ्या घेऊन भट्टीवर जायचा, ही बीपीच्या गोळ्या खात शेळ्या राखायची. बारकू ड्रायव्हरच्या हाती मला वालाच्या शेंगा धाडायची. एकदा ऑफिसात आली तेव्हा कंप्युटरकडे बघून म्हणाली, "तुज्या त्या डब्यात माजं नाव नीट ठेव गो."

मी सरांना म्हटलं, "रेघा काढल्या तर गेलेलं कोण ते कळायचं नाय."

"मग त्या ओळीच काढतो. प्रोग्रॅम लिहितो मी, तुम्ही नका त्रास घेऊ."

"अर्धी रेघवाली घरं पण आहेत हो!"

"बघतो काकी. आधी अपलोड होऊ दे, वर मीटिंग आहे."

माणूस वाईट नव्हता. फोन ठेवताना माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा.

प्रोग्रॅमनं प्रत्येक चौकोनाला एकच विचारलं, तू बिनरेघेचा आहेस का? अर्ध्या रेघेच्या चौकोनाला हो म्हणता येईना. ती ओळ गेली, म्हणजे अख्खं घरच गेलं. नवी यादी दिसायला कशी स्वच्छ! मी वरखाली बघितलं, ठमीआयचं घर नाय. लगेच फोन लावला.

"सर, मागं राहिलेली म्हातारी माणसं गेली हो सगळी."

"अरे देवा. पण यादी लॉक झाली, काकी. पुढच्या महिन्यात उघडेल. तुम्ही मेल टाका."

टाकला. परत टाकला. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं.

बारकूला म्हटलं, "तू जाऊन ये ना रे वर."

"काकी, पाकिटं हेड ऑफिसातनं नावाची येतात, सीलबंद. तिचं कुठनं आणू? आन त्या चढावर आता यादीत एक पण घर नाय. गाडी वळवली की मला फोन येतो." मग म्हणाला, "काल म्हातारी खाली रस्त्याला येऊन उभी व्हती. हात केलान. मी थांबलो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काकी रागावली का रं माज्यावर?"

जुन्या पाकिटावरचं औषधाचं नाव दाखवून मी बाजारातून गोळ्या घेतल्या, पुढच्या फेरीला बारकूच्या हाती द्यायला. त्या फेरीच्या आधीच तिच्या शेळ्या ओरडत राहिल्या म्हणून खालच्या पाड्यावरची एक बाई वर बघायला गेली. ठमीआय उंबऱ्यात पडलेली, अर्धं अंग गेलेलं. दवाखान्यात नेलं. काळू भट्टीवरनं पोचला तोवर संपलं होतं.

यादी उघडली तेव्हा सरांचा फोन आला. आवाज पडलेला. "काकी, मयताची पण नोंद लागते. त्यांच्या नावावर रेघ मारून ठेवा."

"कोणाच्या नावावर मारू, सर? नाव कुठाय?"

"आधी नाव टाका," ते म्हणाले.

टाकलं. काळू, ठमीआय. तेव्हा काळू घरी होता, आईच्या बाराव्याला. चौकोनात शिरले, तिचं तेवढंच नाव निवडलं, कंट्रोल-पाच. परत अर्धी रेघ. बाजारातल्या गोळ्या अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

आता रेघा बंद झाल्यात. सरांनीच दोन नवे रकाने करून दिले, एक 'कुठे गेले', दुसरा 'मागे कोण'. एक्सेल वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, रेघेचा अर्थ मारणाऱ्याला ठाऊक असतो, मशीनला नाय. जे काय असेल ते शब्दात लिहावं.

काळू परत गेला तेव्हा पहिल्या रकान्यात मी 'भट्टीवर' लिहिलं. दुसऱ्यात लिहायला कोणी नव्हतं.