फिका चहा आणि मिलमागचा ढीग

राजप्पाला शुगर नव्हती.

आज दुपारी देवणीला त्याच्या मातीला जाऊन आलो. तिथं चार जण म्हणत होते, "तरुणपणापासून शुगर, तरी किती वर्षं काढली बघा." खरं काय ते आता सांगतो.

लातूर नवा नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. ज्याला त्याला कारखाना काढायचा होता.

राजप्पा इंजिनिअर, मी बीकॉम. एक खोली भाड्यानं घेतली आणि 'औद्योगिक सल्लागार' अशी पाटी ठोकली. बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करून द्यायचे, डाळ मिलवाल्यांना सल्ले द्यायचे. सल्ले देता देता एक दिवस आपलं स्वतःचं प्रॉडक्ट सापडेल, असा राजप्पाचा प्लॅन. मला तो तेव्हा येडपटपणा वाटायचा.

मग पाऊस गेला. एक वर्ष, पाठोपाठ दुसरं.

तूर नाही तर मिल कशी चालणार, आणि मिल बंद तर सल्ला कोण घेणार? मला औरंगाबादला नोकरी मिळत होती. राजप्पाला स्पष्ट सांगितलं, दिवाळीपर्यंत तुझं ते प्रॉडक्ट सापडलं तर ठीक, नाहीतर मी चाललो.

तो म्हणाला, "बरं. तू म्होरं बसून शेठला बोलण्यात गुंतव. मी मागं जाऊन येतो."

मागं म्हणजे मिलच्या मागं. भंगाराच्या ढिगाकडे.

त्याचं म्हणणं असं, की गादीवर बसलेला माणूस आपली अडचण कधी सांगत नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर, "बाकी सगळं झकास हाय, फकस्त पाऊस न्हाई." सारखं सारखं काय मोडतं ते मागं जाऊन बघायचं.

पण सल्लागार माणूस भंगार उचकतोय हे काही बरं दिसत नाही. म्हणून तो करंगळी दाखवायचा आणि उठायचा. एका बैठकीत दोनदा, तीनदा.

उदगीरचे मन्मथशेठ आमचे जुने क्लायंट. ते काळजीतच पडले.

"ह्या वयात शुगर म्हंजे लई वंगाळ," म्हणाले, आणि घरातून जांभळाच्या बियांची पूड आणून त्याच्या हातात दिली. चहा आला तोही बिनसाखरेचा.

मिलवाल्यांची सगळ्यांची एकमेकांत सोयरीक. थोड्याच दिवसांत लातूरपासून नांदेडपर्यंत कुठंही जा, मला गोड चहा, त्याला फिका. त्याच्यासमोर मला लाडू. जिलबीसाठी जीव टाकणारा माणूस तो. बाहेर पडला की आधी एसटी स्टँडवर जिलबी खायचा, मगच तोंड उघडायचा.

तोंड उघडायचा ते कामासाठी. नांदेड, लातूर, उदगीर, कुठल्याही ढिगात एकच वस्तू दिसत होती. दाणे वरच्या मजल्यावर चढवणाऱ्या पट्ट्यावरच्या पत्र्याच्या वाट्या. सगळ्या बोल्टच्या भोकापाशी फाटलेल्या. उदगीरचा ढीग सगळ्यात मोठा.

दिवाळीच्या आधी त्यानं एकाच पत्र्यातून दाबून काढलेली, बोल्टपाशी जाड अशी वाटी तयार केली. पहिला लॉट मन्मथशेठनी घेतला.

मी औरंगाबादला गेलो नाही. पुढचं तुम्हा मित्रांना माहीतच आहे, आमच्या दोघांचीही घरं त्या वाट्यांवर उभी राहिली.

चहा मात्र फिकाच राहिला.

मी म्हणायचो, आता तरी सांगून टाक.

"कसं सांगू? शेठला वाटंल, ह्यानं माझ्या घरात चोरून बघितलं. तसंच हाय की ते."

हसत म्हणायचा, पण ही एक गोष्ट त्याला शेवटपर्यंत टोचत राहिली.

आज मन्मथशेठ काठी टेकत मातीला आले होते. शेजाऱ्यांनी चहा आणला. शेठ माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले,

"शुगर नव्हती त्याला."

मी हातातला कप खाली ठेवला.

"स्टँडवर जिलबी खाताना बघितलंय की मी. जांभळाची पूड दिली त्याच आठवड्यात. मग मागं जाऊन काय करतो तेबी बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मागं जायचा थांबला असता. भंगारवाला आला की मी त्याला परत धाडायचो. म्हणायचो, सल्लागार येऊन जाऊ दे, मग ने."

"पण शेठ, वाट्या फाटतात एवढं तोंडानं सांगायचं की."

"तोंडानं सांगितलं असतं तर तुम्ही रिपोर्ट लिहून दिला असता. मला वाट्या पायजे होत्या."

माती झालेल्या घरात मला हसू फुटलं. मग रडूही आलं, आज पहिल्यांदाच.

राजप्पा, उदगीरचा ढीग एवढा मोठा का होता, ते आज कळलं. तू चोरून काही बघितलं नाहीस.

चहा गोड मागितला असतास तरी चाललं असतं रे.

शेवटचा नमस्कार तुला, मित्रा. शरणू शरणार्थी.