नस सुकलीय

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, मुलीला नाही, माहेरी कुणाला नाही. देवापुढेसुद्धा मी हे कधी शब्दांत बोलले नाही — तिथे नुसती हात जोडून उभी राहते आणि दुसरंच काहीतरी मागते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर असू द्या.

माझ्या सासूबद्दल आहे. तोंडावर मी तिला आई म्हणते, अहोजाहो करते. इथे ‘ती’ म्हणणार. मनात ती कायम ‘ती’च होती.

तिचा उजवा डोळा लहानपणीच गेला, कापणीच्या वेळी भाताचं कुसळ घुसून. उरला डावा. पण त्या एका डोळ्याला जे दिसायचं ते चार माणसांना मिळून दिसलं नसतं. सासरे वारल्यावर ती गुहागरकडच्या गावाहून आमच्याकडे गोडदेवला आली, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात मला लपायला जागा उरली नाही. फोडणीत तेल किती पडलं, मी आरशासमोर किती वेळ उभी राहिले, गॅलरीतून कुणाशी बोलले — सगळं तिच्या डोळ्यात जमा. रात्री नवरा जेवायला बसला की ती एकेक काढायची.

माझ्या मानेवर पांढरा डाग उठला, पूर्वीच्या आठ आण्याएवढा. मी तो पदराखाली झाकायचे. नवऱ्याला माहीत होतं, बाकी कुणाला नाही. चैत्रात घरी हळदीकुंकू होतं, बिल्डिंगमधल्या बायका बसलेल्या. मी पन्हं द्यायला वाकले आणि तिनं मागून येऊन माझा पदर बाजूला केला.

“बघा, कोड फुटलाय हिला. लपवून ठेवलान हिनं.”

 दोघी-तिघींनी पन्ह्याचे पेले तसेच खाली ठेवले. पुढच्या वर्षी कुणी आलं नाही.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. असा अपमान हजार बायकांचा होतो. त्या सगळ्या मी केलं तसं करतात का?

दोन-तीन वर्षांत तिचा डावा डोळा दुधाळ व्हायला लागला. आधी तांदळातले खडे दिसेनात, मग माणसं ओळखू येईनात, शेवटी फक्त उजेड आणि काळोख. तोवर माझे डाग हातांवर आले होते, ओठांवर आले होते. तिला पत्ता नाही. मी भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायला लागले. घरी आले की गाऊन घालून पंख्याखाली बसायचे, पाय पसरून. लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि स्वतःच्या घरात मी पहिल्यांदा मोकळी बसत होते. तिला ताट हातात द्यायचे, संडासपर्यंत हाताला धरून न्यायचे. त्याचा मला त्रास नव्हता. खरं तर — मला बरं वाटायचं.

मग नवऱ्यानं एक पत्रक आणलं. इथल्याच शाळेत डोळ्यांचं शिबिर. परदेशातल्या कुणी देणगीदारानं म्हाताऱ्या माणसांच्या मोतीबिंदूसाठी पैसे दिले होते. तपासणी, बसनं ने-आण, ऑपरेशन, औषधं, काळा चष्मा, सगळं फुकट. नवरा कंपनीची बस चालवतो, त्याला सुट्टी नव्हती. म्हणाला, तू घेऊन जा. मी गेले. निघताना माझ्या मनात काही नव्हतं. हे खरं आहे, पण त्याचा आता काय उपयोग?

डॉक्टर तरुण होता. त्यानं बॅटरी चारी बाजूंनी धरून उजेड कुठून येतोय ते तिला विचारलं. तिनं चारही वेळा बरोबर हात दाखवला. मग तिला बाहेर बाकावर बसवलं आणि कागद भरता भरता तो मला म्हणाला, “नस अच्छी है. मोतिया पक गया है, बस. ऑपरेशन के बाद दिखेगा.”

मी विचारलं, “कितना दिखेगा?”

“सब कुछ,” तो म्हणाला. त्याला वाटलं मी आनंदानं विचारतेय.

दारापासून बाकापर्यंत दहा पावलं असतील. तेवढ्यात मी ठरवलं. नाही — ठरवलं म्हणणंही खोटंच. तिनं माझ्या पावलांचा आवाज ओळखला, मान वर केली आणि विचारलं, “काय म्हणाला गो?”

“नस सुकलीय म्हणतात, आई. आता काही होणार नाही.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. मला शिव्या घालेल, डॉक्टरला घालेल. ती म्हणाली, “बरं.” आणि चपला शोधायला पायानं जमीन चाचपायला लागली. मी तिच्या चपला पुढे सरकवल्या. परतीच्या रिक्षात तिनं पूर्ण रस्ताभर माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्याच हातावर डाग आहेत.

संध्याकाळी नवऱ्याला तेच सांगितलं. तो म्हणाला, दुसरीकडे दाखवूया का? मी म्हटलं, कशाला फरफटवताय त्यांना. त्यानं ऐकलं. तो माझं ऐकतो. त्याला दोष देऊ नका.

इथे थांबले असते तर एका क्षणाची चूक म्हणता आलं असतं. पण शिबिरवाल्यांकडे आमचा नंबर होता. हंसाबेन म्हणून एक बाई, संस्थेचं काम करायच्या, त्यांचा फोन आला — रविवारी बस आहे, आजी तयार आहेत ना? मी म्हटलं, त्या घाबरतात, नको म्हणतात. दुसऱ्यांदा फोन आला, तेच. तिसऱ्या वेळी त्या स्वतः जिने चढून आल्या, धापा टाकत, साठीच्या पुढची बाई. मी बाहेर पॅसेजमध्ये आले आणि मागे दार ओढून घेतलं. म्हटलं, त्या गावाला गेल्यात.

ती आत लसूण सोलत बसली होती. दारापासून सहा फुटांवर.

हंसाबेन म्हणाल्या, “बेन, एक गोष्ट ऐका. मोतिया थांबत नाय. जास्त पिकला तर आत फुटते, डोळ्याची नस मरते. मग आम्हीपण काय करू शकत नाय. गावाहून आल्या की मला फोन करा.” त्यांनी नंबर लिहून दिला. मी तो नीट घडी करून घेतला, त्या जिना उतरेपर्यंत हातात धरला आणि मग फाडला.

म्हणजे मला सांगितलं गेलं होतं. माझ्याच भाषेत, माझ्याच दारात. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

“कोण होतं गो?” तिनं विचारलं.

“कुरियरवाला.”

अडीच वर्षांनी एका सकाळी तिचा डोळा लाल झाला. दुपारपर्यंत ती भिंतीवर डोकं आपटत होती. ओकत होती. ही बाई तापातसुद्धा कधी कण्हली नव्हती. नवऱ्यानं बस मध्येच सोडली आणि तिला हॉस्पिटलात नेलं. मी घरी होते. ओकारी पुसली, चादर भिजत घातली, आणि वाट बघत बसले — कसली? ती बरी व्हावी याची नाही. तिथला डॉक्टर काय बोलतो याची.

शेवटी तिचं ऑपरेशन झालंच. तोच मोतीबिंदू काढला. दिसावं म्हणून नाही, दुखणं थांबावं म्हणून. नवरा दुसऱ्या दिवशी घरी आला, मोरीत तोंड धुतलं आणि म्हणाला, “डॉक्टर म्हणाले, नस मेलीय. आधी कुठे दाखवलं होतं का विचारलं. मी सांगितलं, शिबिरात दाखवलं होतं, तिथेही हेच म्हणाले. तू तेव्हा सांगितलंस तेच निघालं.”

मला हायसं वाटलं. लाज नाही, दुःख नाही, हायसं. मी खोटं बोलले होते आणि अडीच वर्षांत ते खरं झालं होतं. आता ते कुणालाच पकडता येणार नव्हतं. मी त्याला चहा टाकला.

ती अजून आहे. मऊ झालीय. सगळ्यांशी गोड बोलते, माझ्याशीसुद्धा. लोक म्हणतात, म्हातारपणानं माणूस निवळतं. मला ती शिव्या देणारी बरी होती — तिच्यावर रागावता तरी यायचं.

गेल्या महिन्यात एक मुलगी पत्रकं घेऊन दारात आली. पुन्हा शिबिर, पुन्हा कुठल्यातरी देणगीतून. मी काही बोलायच्या आत ती आतून म्हणाली, “आमच्याकडे नको बाय. माझी नसच सुकलीय. सुनेनं वेळेत दाखवलं होतं, पण नशीब नव्हतं. तळमजल्यावर गुरवांची म्हातारी आहे, तिला धुरकट दिसतं हल्ली. तिला ने. ती नाही म्हणेल, तरी ने.”

मुलगी मला हसून थँक्यू म्हणाली आणि खाली गेली. मी दार लावलं.

दुपारी बोंबील संपले होते म्हणून मांदेली केली होती. तिला ताट वाढलं. तिनं विचारलं, काटे काढून देतेस का? मी बसले, एकेक मासा सोडवून काटे बाजूला काढले, घास करून ताटात ठेवले. ती जेवली. एकही काटा लागला नाही तिला.

मी तिला सांगणार नाही. आणि ती मला अजूनही आवडत नाही.