केळीच्या बागेतलं धोतर

नानांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "नाना गेले गं... सकाळी चहा पिता पिता," ती म्हणाली. पुढचं मला नीट आठवत नाही. मेथी तशीच राहिली, एवढं खरं. नाना म्हणजे आमचे चित्रकलेचे मास्तर. जळगावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मेहरूणच्या घरी, मागच्या खोलीत, चारपाच जणांना तैलरंग शिकवायचे. माणूस तोंडाचा भारी फटकळ. सावली चुकली की "डोळे घरी ठेवून आलीस का?" असं विचारल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही.

मी त्यांच्याकडे जायला लागले ती शहाऐंशीच्या सुमारास. लग्न माझ्या पसंतीचं, म्हणून आबांनी, माझ्या वडिलांनी, माझ्याशी बोलणं सोडलं होतं. आईला भेटायला मी असोद्याला गेले की आबा उठून बागेत निघून जायचे. अन् मी मेली चित्र काढत होते ते त्याच केळीच्या बागेचं. झाडं छान जमायची, पण आबांना त्यात उभं केलं की कागद कापून चिकटवल्यासारखे दिसायचे. "रंगवून झालेल्या बागेत माणूस मागून घुसवू नये," नाना म्हणाले. "दोघांना बरोबर वाढवायचं. पानांचा हिरवा त्याच्या गालावर पडू दे, त्याच्या सदऱ्याचा उजेड पानांवर. कोण आहेत हे?" मी सांगितलं. सगळंच सांगितलं, रडलेसुद्धा. नाना ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "आठवणीतून नाही जमायचं. समोर बसव."

रविवारी त्यांच्या लूनावर, मागे कॅनव्हास सांभाळत, मी असोद्याला गेले. "आबा, तुमची बाग बघायला आलोय," नाना म्हणाले. दारी आलेल्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. आबा बागेत आले, नानांनी म्हटलं म्हणून बांधावर बसलेही. बोलणं मात्र सगळं नानांमार्फत. "नाना, तिले इचारा, पानी पाह्यजे का." मी दोन हातांवर, अन् नाना गंभीर चेहऱ्याने मला विचारायचे, "पाणी पाहिजे का गं?" हसू यायचं. असे दोन रविवार गेले. आबांच्या गालावर खरंच हिरवा दिसायला लागला होता... बागेतलेच वाटत होते ते.

पुढच्या खेपेला आबा उठून कॅनव्हाससमोर आले. बराच वेळ बघत राहिले. "नाना, तिले सांगा..." म्हणत वळले, तर नाना पार विहिरीपाशी, मोटार बघत उभे. आबांनी हाक मारली, पुन्हा मारली. नाना ढिम्म. शेवटी माझ्याकडे न बघताच आबा म्हणाले, "हे धोतर कोनाचं? केळीत काम करनाऱ्याचं धोतर इतकं पांढरं ऱ्हातं का, पोरी?"

पोरी म्हणाले. थेट मला.

खरंच होतं त्यांचं. केळीचा चीक लागला की काळपट डाग पडतो, तो कापड फाटेपर्यंत जात नाही. आईने जन्मभर ती धोतरं आपटली. अन् मी, त्यांची लेक, समोर डाग दिसत असताना त्यांना लग्नाला निघाल्यासारखं पांढरंशुभ्र नेसवून बसले होते. मी तपकिरी कालवला. आबा बोटाने दाखवत होते, "अठी, गुडघ्यावर. अठीबी." निघताना म्हणाले, "जेवल्याबिगर जायजो नको."

परतीच्या वाटेवर मी नानांना विचारलं, "इतके दिवस तुम्हाला ते धोतर दिसलं नाही?"

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," नाना म्हणाले. "बदलायला पाहिजे."

परवा मेहरूणला गेले होते. मागच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास अजून आहे. नानांची मुलगी खिडकीतल्या वस्तू आवरत होती. तिने त्यांचा चष्मा माझ्या हातात दिला, तोच, जाड काळ्या काड्यांचा. "नजर मात्र पक्की होती हं नानांची," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत नंबर कधी बदललाच नाही."

मी हो म्हटलं, अन् ओट्यावर येऊन पोटभर रडले.