अक्कांच्या नावाची मूठ

अक्कांविषयी मी लिहावे, हे धाडसच आहे. त्यांचे विद्यार्थी पुष्कळ, त्यांतले कित्येक लिहिते. मी मात्र बँकेतून निवृत्त झाल्यावर इंग्रजी साहित्याच्या संशोधनाला लागलेली, उशिराची विद्यार्थिनी. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आषाढात धुळ्याहून फोन आला, "सुशीला अक्का गेल्या." अक्का निवृत्त प्राध्यापिका, लग्न केले नाही, एकट्याच राहिल्या. माझा प्रबंध कॅरिबियन कादंबऱ्यांतील स्त्रियांच्या श्रद्धेवर, आणि त्याचे प्रत्येक प्रकरण मी आधी त्यांना दाखवत असे. ऊसमळ्यांवर राबायला भारतातून समुद्रापार नेलेल्या बायका, त्यांनी अंगणात रोवलेली देवीची लाल निशाणे... 'श्रद्धेने या स्त्रियांना जखडून ठेवले,' असे मी मोठ्या ऐटीत लिहिले होते. अक्कांनी चष्म्यावरून पाहिले. "मळ्यावर जिला नुसता क्रमांक होता, ती निशाणाखाली उभी राहून देवीला स्वतःचे नाव सांगते. हे जखडणे कसे? बाई, तुम्ही पुस्तकातले देव पाहिलेत. घरातले पाहिलेत का?"

गेल्या श्रावणात त्या एरंडोलला आमच्याकडे आल्या, तेव्हा सासूबाई आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू काढत होत्या. आमच्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, पाळण्यातल्या मुलाच्याही. अक्का शेजारी जाऊन बसल्या.

"मावशी, दळस बाई, रोट भाजस बाई, अनं मूठ निस्ती माणसेसनीच?"

"मास्तरीन, माले कानबाई शिकाडस का?" सासूबाई हसल्या. "बाईना नावनी मूठ कोन लेस वं?"

"मंग कानबाई कोन शे? बाईच ना?"

सासूबाईंचा हात थबकला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तू काय म्हनस?"

"मी चहा टाकते," एवढे बोलून मी आत गेले. परतले तेव्हा गव्हाचे गाठोडे बांधून झाले होते. बसमध्ये चढताना अक्का म्हणाल्या, "प्रकरण उत्तम झाले आहे. फक्त मघाशी चहा टाकायला उठलेल्या बाईने ते लिहिले आहे, असे वाटत नाही."

यंदा गहू काढायला बसल्यावर मी सासूबाईंना म्हटले, "एक मूठ अक्कांच्या नावाची घ्या."

"गयेल माणूसना नावनी मूठ लेतस नही, माय. जित्ता माणूसनी लेतस."

म्हणजे येथेही मला उशीरच झाला होता... गेल्या वर्षी एक शब्द बोलले असते, तर अक्कांची मूठ त्यांच्या डोळ्यांसमोर पडली असती. मी म्हणाले, "मग माझ्या नातीची घ्या. आणि तुमचीही."

"मनी बी?"

"तुमची आधी."

सासूबाईंनी गव्हात हात घातला आणि स्पष्ट आवाजात उच्चारले, "गोदावरी." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचे नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले.

ते प्रकरण मी आता पुन्हा लिहिते आहे. वाचकहो, आपल्याला मला एकच विचारायचे आहे: यंदा आपल्या घरी रोटाचे गहू काढताना कोणाकोणाची नावे घेतली?