औषधं मिळाली

१९६८ साली प्रेमाक्का नायजेरियाहून मल्लेश्वरमला घरी परतली, तेव्हा विमानाचा आवाज आला की ती खाटेखाली शिरायची. बंगळूरच्या आभाळात तर विमानं रोजचीच. धाकटा भाऊ विद्याधर विमानांचा इंजिनिअर. त्याला बहिणीकडे बघवत नसे.

नर्स म्हणून ती तिकडे पूर्व भागातल्या एका मिशन दवाखान्यात गेली होती. वर्षभरात यादवी पेटली. कुठल्या परक्या सरकारने लष्कराला विमानं दिली, कुठल्याने बंडखोरांना बंदुका. बाजारावर बॉम्ब पडले त्या दिवशी तिने तेरा मुलांचे डोळे मिटले.

आठवड्याने औषधांचा ट्रक आला. उतरवताना एक पेटी निसटून फुटली. वर कापूस होता, खाली काडतुसं; बाकीच्या पेट्यांत मात्र खरी औषधंही होती. बरोबरच्या गोऱ्या माणसाने शांतपणे कागद पुढे केला: ‘औषधं मिळाली’ याखाली सही हवी, नाहीतर पुढचा ट्रक येणार नाही. वॉर्डात चाळीस मुलं होती. तिने सही केली. नंतर आणखी चार वेळा केली. लष्कराला कळलं तर इथेच बॉम्ब टाकतील, ही धास्ती तिला रोज होती.

पाचव्या सहीनंतर बॉम्ब पडलेच. पेट्यांमुळे पडले की उगाच, हे तिला कधीच कळलं नाही.

यातलं घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. मग विद्याधरला एका परदेशी कंपनीचं पत्र आलं. नोकरी नायजेरियातच, लष्कराच्या विमानांच्या देखभालीची. प्रेमाक्काने जाऊ नको म्हटलं.

तो समजावू लागला, सरकार कायद्याचं आहे, बंड मोडलं की लढाई लवकर संपेल.

“बंदुका पाठवणारेही तेच म्हणायचे,” ती म्हणाली. “सही करताना मीही तेच म्हटलं.”

आणि तिने सगळं सांगितलं. त्यांची आई कृष्णाबाई तांदूळ निवडता निवडता थांबली.

“मग सही करायला नको होती का, अक्का?” विद्याधरने हळूच विचारलं.

“त्या औषधांवर तेवीस मुलं जगली, विद्या. नको होती असं कुठल्या तोंडाने म्हणू? पण माझ्यामागे चाळीस मुलं होती. तुझ्यामागे कोण आहे?”

दोन दिवसांनी त्याने नकार कळवला. ती जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली असणार, हे दोघांनाही माहीत होतं; त्यावर ते कधी बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात प्रेमाक्का यशवंतपूरच्या एका प्रसूतिगृहात कामाला लागली. पहिले काही दिवस विद्याधर तिला दारापर्यंत सोडायला जायचा, कारण उघड्या आभाळाखाली एकटीने रस्ता ओलांडायची तिला भीती वाटे.