पाटी कुणी पुसली

माझ्या धाकट्या भावाने आईचं नाव एका बोटाने पुसलं आणि वर शाबासकी घ्यायला माझ्याकडे आला. "बघ ताई, कसलं क्लीन झालंय," म्हणत त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. मी कणीक मळत होते. हात पिठात होते म्हणून बरं, नाहीतर तो फोन मीरा रोडच्या आमच्या खिडकीतून थेट खाली पार्किंगमध्ये गेला असता.

फोटो आईच्या लहानपणचा. तिचा लहानपणचा तेवढा एकच फोटो आहे, आणि तोही आहे हे आम्हाला यंदाच कळलं. मामाच्या गावचं घर पाडून नवीन बांधायला काढलं तेव्हा देवाच्या एका तसबिरीमागे तो सापडला. मामेभावाने त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. परकर-पोलक्यातली एक मुलगी, तेल चोपडून वर बांधलेल्या दोन वेण्या, डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले. छातीशी दोन्ही हातांनी पाटी धरलेली. पाटीवर पेन्सिलीने लिहिलेलं: वर 'नकोशी', खाली 'इयत्ता चौथी'.

माणसांची नावं मी माझ्या लिखाणात घालत नाही. हे एवढं एक लिहावं लागतंय, कारण ते नाव नव्हेच. तो शेरा आहे, जन्मल्या दिवशी आजोबांनी, तिच्याच वडिलांनी, मारलेला. आईच्या आधी तीन मुली झाल्या होत्या. चौथीला नकोशी म्हटलं की देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो, असं घाटावरच्या त्या गावात मानत. पुढचा मुलगा झालाही, तो आमचा मामा. मग काय, आजोबांचं म्हणणं गावाने मान्य केलं, मामाचे पेढे वाटले, आणि आईच्या अंगावर तो शेरा तसाच राहिला. काम झाल्यावर निदान बदलायचं तरी! पण तेवढंही कुणाला सुचलं नाही.

मी सात-आठ वर्षांची असताना मामा आमच्या परळच्या खोलीवर आला होता आणि आईला "नके, पाणी दे गं" म्हणाला. तो गेल्यावर मी आईला त्याचा अर्थ विचारला. ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत म्हणाली, "चौथी ना मी, म्हणून." आज वाण्याकडे तूरडाळ नव्हती, हे सांगावं तशी. मला मात्र तेव्हापासून आजोबांचा राग आहे. ते मी जन्मायच्या आधीच गेले. मेलेल्या माणसावर रागावलं की तो राग घरातच राहतो, त्याला बाहेर जायला वाट नसते.

लग्नात आईला दुसरं नाव मिळालं. ताटात तांदूळ पसरून बाबांनी ते अंगठीने लिहिलं. रेशनकार्डावर, बँकेत, सगळीकडे पुढे तेच लागलं. चाळीत आई त्या नावापेक्षाही तिच्या अक्षरासाठी ओळखली जायची. कुणाकडे लग्न निघालं की पत्रिकांचा गठ्ठा आमच्याकडे यायचा आणि पाकिटांवरचे पत्ते आई लिहायची. तिचं अक्षर इतकं देखणं की लोक म्हणायचे, पत्रिका छापायची तरी कशाला. आम्ही भाईंदरला राहायला आलो, बाबा गेले, मी लग्न करून मीरा रोडला आले, आई भावाकडे भाईंदरच्याच इंद्रलोक वस्तीत राहू लागली. आता तिचा हात थरथरतो. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते.

यंदा तिची पंचाहत्तरी. भावाने सोसायटीचा हॉल घेतला होता. स्टेजच्या मागे मोठा बॅनर लावायचा, एका बाजूला तो चौथीतला फोटो, दुसऱ्या बाजूला आजचा, असं त्याने ठरवलं. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण त्याला पाटीवरचं नाव आडवं आलं. सोसायटीतले येणार, बायकोच्या माहेरचे येणार, ऑफिसातले येणार. कुणी अर्थ विचारला तर काय सांगायचं?

म्हणून त्याने फोनवर एक ॲप घेतलं आणि पाटी पुसली.

कशी पुसली तेही त्याने मला मोठ्या हौसेने दाखवलं. मूळ फोटो पुन्हा उघडला. ॲप मराठीत होतं. वर सूचना आली, 'नको असलेला मजकूर निवडा'. खाली आईची पाटी. वर नको, खाली नकोशी. माझ्या भावाला त्यात काही दिसलं नाही. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं, त्यावर लाल पट्टा उमटला, एक गोल फिरला आणि अक्षरं गेली.

आम्ही शाळेत पाट्या पुसायचो त्या ओल्या फडक्याने. थुंकी लावली तर बाई हातावर पट्टी मारायच्या, विद्या जाते म्हणून. पण कितीही पुसली तरी पाटीवर पांढुरकं काहीतरी राहायचंच. नीट पाहिलं तर कालचा पाढाही वाचता यायचा. या यंत्राने मात्र काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. पाटी काळीकुट्ट, नवी कोरी, जणू तिच्यावर कधी कुणी काही लिहिलंच नव्हतं. त्या नादात त्याने आईचं एक बोटही खाल्लं होतं. डाव्या हाताची तर्जनी शेवटच्या अक्षराला टेकलेली होती, तीही मजकुरात धरून पुसून टाकली आणि त्या जागी पाटीची लाकडी चौकट काढून दिली.

मी ते दाखवलं तर भाऊ म्हणाला, एवढं झूम करून कोण बघतंय.

आईला विचारलंस का, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला की तिला कशाला त्रास, सरप्राइज आहे, आणि तिलाही ते नकोच असणार. मग मी जे तोंड सोडलं ते तिकडे इंद्रलोकमध्ये त्याच्या बायकोलाही ऐकू गेलं असावं. जन्मली तेव्हा तिला विचारलं नाही, लग्नात विचारलं नाही, आता पंचाहत्तरीलाही विचारायचं नाही, मग तिला विचारायचं तरी कधी, असं मी म्हणाले. त्याने शांतपणे विचारलं, "म्हणजे ते नाव राहायला हवंय का तुला?"

ते नाव मला नकोच होतं. हातात असतं तर मी ते जन्मनोंदीतून, मामाच्या तोंडातून, आजोबांच्या डोक्यातून खरवडून काढलं असतं. तरीही त्या कोऱ्या पाटीकडे पाहून माझं डोकं भणभणत होतं, आणि ते का, हे मलाच कळत नव्हतं. राग आला की मला शब्द सुचत नाहीत. सुचतात तेव्हा समोरचा लिफ्टने खाली गेलेला असतो.

रविवारी मी भांडण पुरं करायला इंद्रलोकला गेले. तोवर बॅनर छापून आलाच होता. वहिनीने तो घरातच जमिनीवर पसरला होता, कारण आईला गुंडाळी दिसली आणि तिने हे काय म्हणून विचारलं. मी आत शिरले तेव्हा आई चष्मा लावून गुडघ्यांवर वाकून बसली होती. तिचं स्वतःच्या आजच्या फोटोकडे लक्षच नव्हतं. तिने थरथरतं बोट त्या कोऱ्या पाटीवर ठेवलं आणि मान वर न करता विचारलं,

"माझी पाटी कुणी पुसली?"

भाऊ म्हणाला, "आई, ते नाव चारचौघांत बरं दिसत नव्हतं गं."

"नावाचं कोण बोलतंय? माझं अक्षर कुठं गेलं?"

मग तिने सांगितलं. इतक्या वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं. तालुक्याच्या शाळांची हस्ताक्षराची स्पर्धा होती. आसपासच्या गावांतली पोरं एका शाळेच्या पटांगणात बसवली, प्रत्येकाला पाटी-पेन्सिल दिली आणि सांगितलं, आपापलं नाव लिहा. इतर मुलींची नावं कशी लांबलचक, झोकदार. हिची तीनच अक्षरं. तिने 'न'चा दांडा सरळ ओढला, 'को'चा काना त्याच्या बरोबरीने उभा केला, 'श'ची गाठ घोटून मारली आणि वरची वेलांटी अशी वळवली की तपासायला आलेले मास्तर तिच्यापाशी थांबले. त्यांनी नाव वाचलं, पण हसले नाहीत. ही कुणाची मुलगी, एवढंच विचारलं. तिचा पहिला नंबर आला. आसपासच्या सगळ्या गावांत पहिला.

"फोटो काय माझा काढला नव्हता," आई म्हणाली. "अक्षराचा काढला होता. मी नुसती धरून उभी होते."

भाऊ खाली बसला. त्याचा चेहरा पडला होता, पण त्याची दया यायला मी तयार नव्हते. तो म्हणाला, हरकत नाही, आपण तिथे तुझं खरं नाव घालू, लग्नातलं.

"ते तरी मला विचारून ठेवलं का? तुझ्या बाबांनी लिहिलं तांदळात, तेही कोंबडीचे पाय काढल्यासारखं. मला ताट हलवून परत लिहावंसं वाटत होतं." यावर वहिनी हसली, आईही हसली. मग ती म्हणाली, "नावं दोन्ही लोकांनी ठेवली. अक्षर तेवढं माझं होतं."

भाऊ घाईघाईने म्हणाला, मग तू आता कागदावर लिहून दे, मी ते स्कॅन करून पाटीवर बसवतो, अगदी हुबेहूब दिसेल. आईने उजवा हात त्याच्यासमोर धरला, नुसता धरून ठेवला. तो हात थांबत नव्हता. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. माझ्या रागाला शब्द मिळायला हे पाहावं लागलं. तिच्याकडे कुणी न दिलेली, स्वतः कमावलेली एकच गोष्ट होती, आणि यंत्राला, भावाला, मलासुद्धा त्यात फक्त घाण दिसली होती.

मी ग्रुपवरचा मूळ फोटो घेऊन तशीच बॅनरच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि म्हणाला, मॅडम, आधीचा क्लीन होता, हा तर जुना आहे, पाटीवर काहीतरी लिहिलेलं आहे, एका मिनिटात उडवतो. मी त्याला हिंदीत सांगितलं की त्या अक्षरांना हात लावलास तर बघ. तो म्हणाला, मग निदान नीट फॉन्टमध्ये टाकून देतो. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले ती छपाई पुरी होईपर्यंत हलले नाही. मशीनमधून बॅनर इंचाइंचाने बाहेर येत होता. आधी वेण्या आल्या, मग डोळे, मग 'नकोशी', आणि शेवटच्या अक्षराला टेकलेलं ते बोट.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये ती तीन अक्षरं वीतभर उंचीची झाली होती. भाऊ सारखा बरोब्बर त्यांच्यासमोर येऊन उभा राहत होता, येणाऱ्यांना नमस्कार करत. मी दोनदा त्याला कोपराला धरून बाजूला केलं. तिसऱ्यांदा पायावर पाय दिला. औक्षण झालं, केक कापला, लोक बशा घेऊन खायला लागले.

खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाई आईपाशी आल्या. मनाने चांगल्या, आईला दवाखान्यातही त्याच घेऊन जातात. त्यांनी बॅनरकडे पाहत एकेक अक्षर जुळवून वाचलं आणि विचारलं, "आंटी, ये नकोशी का मतलब क्या होता है?"

भाऊ खाकरला. ते जुनं नाव आहे, गावाकडचं, असं काहीतरी तो हिंदीत पुटपुटायला लागला. आईने त्याला हातानेच गप्प केलं.

"मतलब, नहीं चाहिए थी," ती म्हणाली.

त्या बाईंचा ढोकळ्याचा घास हातातच राहिला. आईने त्यांचं मनगट धरलं, त्यांना बॅनरजवळ नेलं आणि आपलं थरथरतं बोट त्या वेलांटीवर ठेवलं.

"वो जाने दो. अक्षर देखो. पहिला नंबर आया था."