मामाजींचा पी. पी. नंबर

टेलिफोन कुणी शोधला ते शाळेत शिकवतात, शिकवोत बापडे. पण आमच्या सिंदी रेल्वे या गावात तो चालवला माझ्या सासऱ्यांनी, एकट्यानं, आणि तोही पायी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. यांना मात्र अख्खी गल्लीच मामाजी म्हणायची. नव्वदच्या सुमारास त्यांच्या घरी फोन लागला, तेव्हा गल्लीत दुसरा फोन नव्हता. मग काय, ज्यानं त्यानं मामाजींचाच नंबर आपला म्हणून वाटला. लग्नपत्रिकेत पत्त्याखाली तो नंबर छापायचा आणि पुढे पी. पी. लिहायचं. पी. पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणसाला बोलावून आणतात. एका लग्नसराईत तर मामाजींचा नंबर इतक्या पत्रिकांवर होता, की मंडपात नवरदेवाच्या चुलत्याच्या आधी यांना दुपट्टा-टोपी मिळायची. त्या टोप्यांनी एक अख्खी पेटी भरली होती. त्यांतली एकही ते घालत नसत आणि कुणाला देतही नसत.

फोन आला की मामाजी आधी पलीकडच्याला ठणकावायचे, "दहा मिन्टानं करजा, बोलावून आन्तो." मग खुंटीवरचा शर्ट काढून वरपर्यंत बटणं लावायची. घरात उघड्या अंगानं वावरणारा हा माणूस शर्टाशिवाय कुणाचा फोन सांगायला गेला नाही. मी एकदा म्हटलं, "मामाजी, दोन घरं तर सोडून जायचंय." तर म्हणाले, "कोनाच्या दारात त्याच्या मानसाचा आवाज घेऊन जाच हाये, जवाईबापू. बनेनवर कसं जाव?" एकदा ते अंघोळीला बसले असताना फोन आला, तेव्हा खाली ओला पंचा आणि वर इस्त्रीचा शर्ट अशा थाटात ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. सासूबाईंनी त्या दिवशी कपाळाला हात लावला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

खरं तर त्यांना जायची गरजच नव्हती. उभा जन्म जिनात मुकादमी केलेली. कापसाच्या यंत्रांच्या खडखडाटात पन्नास माणसांना कामाला लावणारा आवाज. ओट्यावरून "फोऽऽन!" म्हटलं की स्टेशनवरचा हमालसुद्धा मान वळवायचा. पण नाही, दारात जाऊनच सांगायचं. अपवाद फक्त समोरच्या म्याडमचा. त्या प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगी पुण्याला नर्स. दर रविवारी चार वाजता तिचा फोन यायचा. म्याडमचं दार बरोबर समोर असल्यानं मामाजी रस्त्याच्या मधोमध उभे राहून हाक द्यायचे, "म्याडम, पुन्याचा फोन!" म्याडम हातात पिशवी घेऊन यायच्या, मामाजींच्या वेताच्या खुर्चीत बसायच्या, पाच मिनिटं मुलीशी आणि मग तासभर मामाजींशी बोलायच्या. सासूबाई गेल्यावरही हा नेम चुकला नाही.

मामाजींचा सगळ्यांत मोठा कायदा मात्र वेगळाच होता. वाईट बातमीचा फोन आला, की तो माणूस जेवल्याशिवाय त्याला सांगायचं नाही. कारंज्याहून एकदा शेजाऱ्याचा मामा गेल्याचा निरोप आला. मामाजी शर्ट घालून गेले आणि दारातच विचारलं, "जेवन झालं का?" शेजारी नुकता ताटावर बसत होता. हे समोर मांडी घालून बसले, "घ्या, घ्या, अजून वरन घ्या," म्हणत त्याला पोटभर जेवू घातलं, हात धुवू दिले आणि मग सांगितलं. "मंग दोन दिवस जेवाचं कोन इचारते त्याले?" असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. पण परिणाम असा झाला, की मामाजींच्या तोंडून "जेवन झालं का?" ऐकलं की गल्ली आधी आपापली माणसं मोजायची. माझ्या पहिल्या दिवाळीला त्यांनी ओट्यावर मला अगदी प्रेमानं विचारलं, "जवाईबापू, जेवन झालं का?" तर शेजारच्या ओट्यावरच्या बाई किंचाळल्याच, "अवं माय! जवाईबापूचं कोन गेलं वं?" तेव्हापासून मामाजी पाहुण्यांना "पोट भरलं ना?" विचारू लागले.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला. पत्रिकांवरून पी. पी. गेलं. मामाजी फोन रोज पुसायचे, उचलून कानाला लावायचे, चालू आहे अशी खात्री करून ठेवून द्यायचे. तो वाजायचा फक्त रविवारी चारला, कारण म्याडमकडे मोबाइल नव्हता. "त्याईले नाई जमत ते बटनं," मामाजी सांगायचे, आणि सांगताना जरा खूशच दिसायचे.

अशात माझ्या मेलबर्नच्या मेव्हण्याला बुद्धी सुचली. त्यानं इंटरनेटवर चालणारा फोन पाठवला, एक डबी आणि तिला लावायचं यंत्र. यावरून कितीही बोला, फुकट. केबलवाल्याकडून इंटरनेट घेऊन तो बसवायचं काम अर्थातच जावयाकडे. मामाजींना फुकट या शब्दाचाच संशय. मेलबर्न आपल्या पैशानं ऐकू येत नाही तर कुणाच्या पैशानं येते, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. शेवटी म्हणाले, "बसवा. पन जुना नंबर राहू द्या. म्याडमच्या पोरीचा फोन येते त्याच्यावर." मी शहाणा! म्हटलं, "दोन-दोन कशाला? तिला नवा नंबर कळवू की." मामाजी जुना फोन पुसत राहिले. मी शुक्रवारी जुना फोन अर्ज देऊन बंद केला, जुनं यंत्र टेलिफोनच्या ऑफिसात जमा केलं, पुण्याला नवा नंबर कळवला आणि मेव्हण्याशी वीस मिनिटं बोलून दाखवलं. आवाज असा स्वच्छ, की मामाजींना ओरडायचं काही कारणच उरलं नाही. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

रविवारी तीन वाजता लाइन गेली. आमच्याकडे लाइन गेली म्हणजे वीज गेली. भारनियमनाची नवी वेळ तीन ते सहा. डबीवरचे हिरवे दिवे विझले आणि फोन ठार मेला. जुना फोन विजेशिवाय चालायचा, नव्याला वीज लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मामाजींनी रिकामा रिसीव्हर कानाला लावला, खाली ठेवला, पुन्हा लावला. "आता चार वाजता फोन कसा येईन?" मी म्हटलं, "माझ्या मोबाइलवर करायला सांगतो." म्हणाले, "तुम्ही संध्याकाळी आपल्या घरी वर्ध्याले जान. पुढच्या रविवारी? त्याच्या पुढच्या?" इतक्या वर्षांत या माणसानं कुणाचा फोन चुकवला नव्हता, आणि तो मी चुकवायला लावला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामाजी उठले. शर्ट घातला, वरपर्यंत बटणं लावली. आज हाक दिली नाही, रस्ता ओलांडून म्याडमच्या दारात गेले, मी मागोमाग. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "म्याडम, जेवन झालं का?"

चौकट धरून म्याडम मटकन खाली बसल्या. "मामाजी... माझी पोरगी...?"

"अरे बाप्पा! नाई, नाई! पोरगी बेस हाये!" मामाजी स्वतःच रडकुंडीला आले. "आपला फोन बंद झाला, म्याडम. नंबर गेला. इतकंच."

म्याडम मग पदरात तोंड घालून हसल्या की रडल्या, देव जाणे. जरा सावरल्यावर आत गेल्या, तुरीच्या डाळीच्या डब्यात हात घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढून आणला. "पोरीनं घेऊन देऊन दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी याच्यावरच बोलते मी तिच्याशी."

मामाजींना काही सुधरेना. "मंग रविवारी काऊन येत होत्या माह्या घरी?"

"तुम्ही आवाज देत होते ना," म्याडम म्हणाल्या. "पूर्ण गल्लीत दुसऱ्या कोनाले द्याचा होता तुम्हाले आवाज?"

मामाजी शर्टाचं वरचं बटण उगाच काढत-लावत राहिले. पण पुढच्या रविवारी चारला मी त्यांच्याकडेच होतो. लाइन गेलेली होती, डबी मुकाट पडली होती. मामाजी शर्ट घालून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि जिनातल्या आवाजात ओरडले, "म्याडम, पुन्याचा फोन!" म्याडम मोबाइल पिशवीत घालून आल्या, वेताच्या खुर्चीत बसल्या आणि पिशवीतला फोन वाजला. मुलीला तशी वेळच बांधून दिली होती. पाच मिनिटं तिच्याशी, तासभर मामाजींशी.

हे तीन वर्षं चाललं. मग मामाजींना दम लागायला लागला. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावलं आणि फक्त म्हणाले, "रविवारी म्याडमले आवाज द्याले इसरजा नोका." रविवार उजाडलाच नाही. बुधवारी सकाळी ते गेले.

गल्लीत सांगायला मीच आलो. मोबाइलवरून सांगता आलं असतं, पण मामाजींची बातमी दारात जाऊनच सांगायची होती. गाडीतून उतरून आधी शर्टाची बटणं वरपर्यंत लावली आणि म्याडमच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत गॅसवर कुकर नुकताच चढवलेला होता, पहिली शिट्टीसुद्धा व्हायची होती. मी मामाजींसारखं विचारायला तोंड उघडलं. म्याडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या गळ्याशी लावलेल्या बटणाकडे पाहिलं आणि चौकट घट्ट धरली.

"जेवली हाये मी," त्या म्हणाल्या. "सांगा."